डोक्याला मार तोच, मग दवाखान्यागणिक उपचार वेगळे का?

मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाला एका दवाखान्यात नेलं की डॉक्टर म्हणतात, "ताबडतोब कवटी उघडावी लागेल." तोच सीटी स्कॅन घेऊन नातेवाईक दुसरीकडे जातात, तर तिथले डॉक्टर म्हणतात, "आत्ता ऑपरेशनची गरज नाही, चोवीस तास लक्ष ठेवू." तिसरीकडे सांगतात, "आमच्याकडे न्यूरोसर्जन नाही, मोठ्या शहरात हलवा." इकडे घरच्यांची अवस्था अशी की अम्मी वॉर्डाबाहेर तस्बीह घेऊन बसलेली, भाऊ पैशांसाठी फोन लावतोय आणि मामू-चाचा मंडळींत वाद पेटलेला, खरं कोण बोलतंय? बहुतेक वेळा निष्कर्ष निघतो तो असा: पहिला पैसे काढत होता, नाहीतर दुसऱ्याला काही कळत नाही.

असं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक वेळी तेच कारण नसतं. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. उर्दू आणि मराठी दोन्ही येतं म्हणून मोहल्ल्यातले पालक रिपोर्ट घेऊन येतात, "मॅडम, यात काय लिहिलंय जरा वाचून सांगा." रिपोर्ट वाचता वाचता बरंच वाचावं लागलं, डॉक्टरांना विचारावं लागलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडते.

आधी डोक्याच्या आत काय घडतं ते पाहू. कवटी म्हणजे बंद डबा. मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. या डब्यात तीन गोष्टी गच्च भरलेल्या असतात: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा पाण्यासारखा द्रव. मार लागून आत रक्त साचलं किंवा मेंदू सुजला की जागा कमी पडते. सुरुवातीला थोडा द्रव खाली पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांमधलं रक्त कमी होतं, डबा कसाबसा सांभाळून घेतो. तोवर पेशंट बोलतो, पाणी मागतो. ही सोय संपली की मात्र दाब हळूहळू नाही, एकदम चढतो. मेंदूला रक्त पोचेनासं होतं आणि श्वास चालवणारा खालचा भाग चेपला जातो. सकाळी बोलणारा पेशंट दुपारी व्हेंटिलेटरवर कसा गेला, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

म्हणून डॉक्टर दोन वेगवेगळ्या माराबद्दल बोलतात. पहिला मार रस्त्यावर, पडताक्षणी बसतो. तो कोणालाच परत फिरवता येत नाही, अमेरिकेतल्या दवाखान्यालाही नाही. दुसरा मार पुढच्या तासांत आणि दिवसांत बसतो: ऑक्सिजन कमी पडणं, बीपी खाली जाणं, साचलेलं रक्त वाढणं, सूज, फिट्स, ताप. दवाखान्याची सगळी लढाई या दुसऱ्या माराशी असते. आणि दवाखान्या-दवाखान्यांतला फरकही मुख्यतः इथेच दिसतो.

आणखी एक गोष्ट. 'डोक्यात रक्त साचलं' हे एकच वाक्य आपण सगळ्यांसाठी वापरतो, पण रक्त कुठे साचलं यावर सगळं ठरतं. कवटी आणि मेंदूचं बाहेरचं जाड आवरण यांच्यामध्ये साचलं तर त्याला एक्स्ट्राड्युरल म्हणतात. बऱ्याचदा कानशिलावर मार लागलेला असतो. यातला काही पेशंट थोडा वेळ बेशुद्ध होऊन उठतो, "मी ठीक आहे" म्हणतो, घरी येऊन चहा पितो आणि झोपतो. नंतर उठवायला गेलं तर उठत नाही. हाच पेशंट वेळेत ऑपरेशन टेबलावर पोचला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो, कारण त्याच्या मेंदूला स्वतःला फारसा मार नसतो. आवरणाखाली साचलं तर ते सबड्युरल. यात मेंदूही जखमी असतो, म्हणून रक्त काढून टाकलं तरी निकालाची खात्री नसते. तिसरा प्रकार असा की सीटी स्कॅन जवळजवळ स्वच्छ दिसतो आणि पेशंट मात्र शुद्धीवर येत नाही. मेंदूतले बारीक तंतू झटक्याने ताणले किंवा तुटलेले असतात. इथे काढण्यासारखं काहीच नसतं, ऑपरेशन कशाचं करणार? त्यामुळे "शेजारच्या पोराचं ऑपरेशन केलं, तो बरा झाला, आपल्याचं का करत नाहीत?" ही तुलना पुष्कळदा लागूच पडत नाही.

पंधरापैकी किती?

दवाखाने निरनिराळे असले तरी एक मोजपट्टी सगळीकडे सारखी आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 साली ती मांडली. तिला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात, केसपेपरवर जीसीएस असं लिहिलेलं असतं. डोळे उघडण्याला 4 पर्यंत गुण, बोलण्याला 5 पर्यंत, हातपाय हलवण्याला 6 पर्यंत. एकूण 15. पूर्ण शुद्धीतल्या माणसाला 15 आणि काहीच प्रतिसाद नसलेल्याला 3. (कोरा पेपर देणाऱ्यालाही 3 गुण देणारी ही एकच परीक्षा मी पाहिली आहे.) 13 ते 15 म्हणजे सौम्य मार, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. 8 च्या खाली पेशंट स्वतःचा श्वासमार्ग मोकळा ठेवू शकेल याचा भरवसा नसतो, म्हणून सहसा नळी घालतात.

नातेवाइकांनी विचारायचा पहिला प्रश्न हाच: "आला तेव्हा जीसीएस किती होता आणि आता किती आहे?" सीरियस आहे, क्रिटिकल आहे, या शब्दांवरून काहीच कळत नाही. 14 वरून 11 वर आला तर काहीतरी बिघडतंय. 7 वरून 9 वर गेला तर डोळे मिटलेले असले तरी दिशा बरी आहे. नळी घातलेल्या पेशंटचं बोलणं मोजता येत नाही आणि झोपेचं औषध चालू असेल तर आकडा फसवा असतो, एवढं लक्षात ठेवावं.

एकच मोजपट्टी असूनही उपचार वेगळे का होतात, तर पहिलं कारण अगदी साधं आहे. तिथे काय उपलब्ध आहे आणि पेशंट किती वाजता पोचला. 159 दवाखाने आणि 57 देश यांमधल्या 1635 पेशंटचा एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. डोक्याच्या मारासाठी तातडीचं ऑपरेशन झालेले हे सगळे पेशंट. गरीब देशांत आणि श्रीमंत देशांत पेशंटही सारखे नसतात, हे त्यात दिसलंच. पण सगळं हिशोबात धरूनही दवाखान्या-दवाखान्यांमध्ये मृत्यूच्या प्रमाणात फरक उरला.

आमच्या मराठवाड्याचं उदाहरण घ्या. बीडच्या बाजूला रात्री अपघात झाला तर औरंगाबादचं घाटी साधारण सव्वाशे किलोमीटर लांब. तालुक्याच्या गावी सीटी मशीन असेलच असं नाही. असलं तरी रात्री ते चालवणारा माणूस असेल असं नाही, आणि स्कॅन निघाला तरी कवटी उघडणारा सर्जन नसतो. मग 'शिफ्ट करा' सुरू होतं. तालुका, जिल्हा, मग शहर. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी वाट पाहणं. यात दोष पहिल्या डॉक्टरचा असतोच असं नाही. पण पहिल्या डॉक्टरच्या हातात एक फार मोठी गोष्ट असते, ती म्हणजे श्वास आणि बीपी. अमेरिकेत गंभीर मार लागलेल्या पेशंटच्या नोंदी तपासून 1993 साली डॉक्टरांनी दाखवलं की वरचं बीपी एकदा जरी 90 च्या खाली गेलं, तर मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे मेंदूचा सर्जन नसलेल्या लहान दवाखान्यानेही ऑक्सिजन लावला, सलाईनने बीपी धरून ठेवलं, मानेला पट्टा बांधला, रक्तस्राव थांबवला आणि पुढच्या दवाखान्याला फोन करून कळवलं, तर त्याने अर्धी लढाई लढलेली असते. उलट पेशंटला तसाच जीपमध्ये मागच्या सीटवर आडवा टाकून तीन तास नेला, तर शहरातला कितीही मोठा सर्जन काय करणार?

महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून आहे. 937 गाड्यांनी ती सुरू झाली, त्यातल्या 233 मध्ये व्हेंटिलेटरसारखी जास्तीची साधनं होती. फोन करताना "डोक्याला मार आहे, बेशुद्ध आहे" हे स्पष्ट सांगा. "ॲक्सिडेंट झालाय, लवकर या" एवढ्यावर कोणती गाडी पाठवायची हे त्यांना ठरवता येत नाही.

नशीब आणि अल्लाहची मर्जी यावर मी वाद घालणार नाही. पण सीटी किती वाजता झाला, हा माणसांच्या हातातला भाग आहे.

जिथे डॉक्टरांचंच एकमत नाही

आता दुसरं कारण, जे नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही. सगळ्या सोयी असलेल्या दोन उत्तम दवाखान्यांतही उपचार वेगळे असू शकतात, कारण काही प्रश्नांवर विज्ञानाकडेच पक्कं उत्तर नाही.

युरोपातल्या अठरा देशांत 2014 ते 2017 या काळात साडेचार हजार पेशंटचा मोठा अभ्यास झाला. तिथे पैसा आहे, मशीन आहेत, सर्जन आहेत. तरीही सबड्युरल रक्तस्रावाच्या पेशंटचं लगेच ऑपरेशन करण्याचं प्रमाण काही ठिकाणी शंभरात दहाहून कमी निघालं, तर काही ठिकाणी निम्म्यावर. आणि जास्त ऑपरेशनं करणाऱ्या दवाखान्यांतले पेशंट जास्त बरे झाले, असंही दिसलं नाही. याचा अर्थ ऑपरेशन निरुपयोगी असा नाही. मोठी गाठ असेल, मेंदू एका बाजूला सरकला असेल, शुद्ध उतरत असेल, तर सगळेच सर्जन ऑपरेशन करतात. वाद आहे तो मधल्या पेशंटबद्दल. त्यांच्या बाबतीत सर्जन जिथे शिकला तिथली पद्धत पुढे चालते. आपल्याकडे स्वयंपाकात घराण्याची पद्धत असते ना, तसंच काहीसं.

दुसरं उदाहरण दाब मोजण्याचं. कवटीला बारीक छिद्र पाडून आत तार किंवा नळी सोडतात आणि मेंदूवरचा दाब सतत पडद्यावर दिसतो. अमेरिकेची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की 22 च्या वर दाब गेला तर उपचार करा. आपल्याकडे मोजक्या मोठ्या दवाखान्यांत हे होतं, बाकी ठिकाणी नाही, कारण साधन महाग आहे. मग बाकीच्यांचे उपचार कच्चे का? दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांत 324 गंभीर पेशंटवर याचीच परीक्षा झाली आणि 2012 साली निकाल आला. निम्म्यांचा दाब तारेने मोजून उपचार केले. निम्म्यांचे वारंवार तपासणी आणि सीटी स्कॅनवरून, ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे केले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या निकालांत ठळक फरक नव्हता. पण इथे घाई करून 'मशीन नको' असा अर्थ काढू नका. ज्यांची तार नव्हती त्यांना तिथे कोणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. ते आयसीयूमध्ये होते, तासातासाला बाहुल्या बॅटरीने पाहिल्या जात होत्या. मला यातून कळलं ते असं की दवाखान्यात मशीन आहे का, यापेक्षा रात्री तीन वाजता पेशंटच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहणारं कोणी आहे का, हा प्रश्न मोठा आहे.

तिसरं उदाहरण सगळ्यांत अवघड. सूज औषधांनी उतरत नसेल तर कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात, म्हणजे मेंदूला फुगायला जागा मिळते. कोणता सर्जन हे लवकर करतो, कोणता शेवटचा उपाय म्हणून, कोणता टाळतो. 2016 साली 20 देशांतल्या 408 पेशंटच्या चाचणीचा निकाल आला. फक्त औषधं दिलेल्या गटात सहा महिन्यांत शंभरातले 49 दगावले, कवटीचा तुकडा काढलेल्या गटात 27. फरक मोठा आहे. पण वाचलेल्यांपैकी काही जण डोळे उघडे असूनही भान नसलेल्या अवस्थेत राहिले. औषधांच्या गटात असे शंभरात 2, ऑपरेशनच्या गटात साडेआठ. म्हणजे ऑपरेशन जीव वाचवतं, पण कोणतं आयुष्य वाचेल ते आधी सांगता येत नाही. दोन डॉक्टर इथे दोन गोष्टी सांगतात तेव्हा दोघंही प्रामाणिक असू शकतात. अशा वेळी "डॉक्टरसाहेब, तुम्हाला योग्य वाटेल ते करा" असं म्हणून सही करण्याआधी "वाचला तर कसा असेल?" हे विचारायला घाबरू नये. उत्तर पक्कं मिळणार नाही, पण डॉक्टरचा अंदाज तरी कळेल.

काढलेलं हाड कुठे ठेवतात यावरूनही नातेवाईक बिचकतात. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत ते पेशंटच्याच पोटाच्या त्वचेखाली खिसा करून ठेवतात. तिथे ते निर्जंतुक राहतं आणि खर्च येत नाही. काही ठिकाणी खास डीप फ्रीझरमध्ये ठेवतात. दोन्ही मान्य पद्धती आहेत. एका घरी मी हे समजावून सांगितलं तेव्हा पेशंटची आजी म्हणाली, "डोक्याला लागलंय आणि पोटाला टाके कशाला, किडनी तर काढली नाही ना?" हसण्यासारखं नाही हे. कोणी समजावलं नाही तर माणूस असाच विचार करणार. हाड काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत बसवतात. तोवर त्या बाजूला मेंदूवर फक्त कातडी असते, म्हणून त्या कुशीवर झोपवायचं नाही आणि उठून चालू लागल्यावर डोक्याला संरक्षण हवं. दोन दवाखाने बदलले असतील तर हाड कुठे आहे हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.

काही बाबतींत मात्र फरक चालत नाही. डोक्याच्या मारात सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड देण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती. मग 10,008 पेशंटची चाचणी झाली आणि 2004 मध्ये निकाल आला. स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत शंभरातले 21 दगावले, न दिलेल्यांत 18. म्हणजे वर्षानुवर्षं भल्यासाठी दिलेलं औषध जीव घेत होतं. त्यानंतर ते यासाठी देऊ नये यावर दुमत राहिलेलं नाही. उलट ट्रानेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं स्वस्त इंजेक्शन. 2019 च्या चाचणीत असं दिसलं की सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांना तीन तासांच्या आत ते दिलं तर डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू कमी होतात. गंभीर पेशंटमध्ये तसा फायदा दिसला नाही. हे इंजेक्शन लहान दवाखान्यातही देता येतं. उशीर झाला तर मात्र त्याचा उपयोग राहत नाही.

लहान मुलांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त फोन मला त्यांच्यासाठीच येतात. मूल पलंगावरून पडलं, एक उलटी झाली. एक दवाखाना लगेच सीटी काढतो, दुसरा म्हणतो काही तास इथेच बसा, पाहू. पालकांना दुसरा निष्काळजी वाटतो. पण सीटीमध्ये एक्स-रेचा डोस असतो आणि वाढत्या वयात तो उगाच देऊ नये. उत्तर अमेरिकेतल्या 25 दवाखान्यांत 42,000 हून जास्त मुलांचा अभ्यास करून 2009 साली नियम बसवले गेले की कोणत्या मुलाला सीटीशिवाय लक्ष ठेवून सोडता येतं. शुद्ध चांगली, कवटी फुटल्याची खूण नाही, वागणं नेहमीसारखं, पडण्याची उंची फार नाही, अशा मुलाला पाहत ठेवणं हा विचारपूर्वक केलेला उपचार आहे. मात्र पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, फिट, उठवूनही न उठणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी, यातलं काहीही दिसलं तर मग रात्र आहे की दिवस हे पाहू नका.

सरकारी की खाजगी?

हा प्रश्न मला हमखास येतो. मोठ्या सरकारी दवाखान्यात गर्दी असते, चादर मिळत नाही, कधी जमिनीवर गादी टाकतात. व्हेंटिलेटर रिकामा होईपर्यंत नातेवाईकच हाताने ॲम्बू बॅग दाबत बसल्याची उदाहरणंही आहेत. पण मुंबईचं सायन किंवा केईएम, दिल्लीतलं एम्सचं ट्रॉमा सेंटर, बेंगळुरूचं निमहान्स इथे डोक्याच्या माराचे जितके पेशंट रोज पाहिले जातात, तितके एखाद्या चकचकीत खाजगी दवाखान्यात कितीतरी दिवसांत येत नसतील. रात्री दोन वाजता तिथे निवासी डॉक्टर जागा असतो. खाजगीत न्यूरोसर्जन कुशल असतो, पण तो तीन दवाखान्यांत फिरत असेल तर रात्री कोण आहे हे विचारावंच लागतं. इमारत पाहून ठरवू नका. चोवीस तास सीटी आहे का, न्यूरोसर्जन किती मिनिटांत येतो, आयसीयूत एका नर्सकडे किती पेशंट आहेत, या तीन गोष्टी विचारून ठरवा.

पैशांबद्दल आपल्या मोहल्ल्यात एक रीत पडली आहे. अपघात झाला की अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरतो. मदत करणाऱ्यांचं मन मोठं आहे, पण चंदा गोळा करण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राचा टेबल शोधा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या दवाखान्यांत तो बसलेला असतो. योजना आता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी असून वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार लागतं. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्र सरकारची कॅशलेस योजना मे 2025 मध्ये अधिसूचित झाली. त्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा खर्च येतो. धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेचा हा भाग आहे. बरेच पंचतारांकित वाटणारे दवाखाने कागदोपत्री धर्मादाय आहेत, हे कित्येकांना माहीतच नसतं. आणि 'आधी डिपॉझिट, मग उपचार' असं कोणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा 1989 चा परमानंद कटारा खटल्यातला निकाल आहे: जीव वाचवणं हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य. पोलिसांची कागदपत्रं नंतर. अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोचवणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने संरक्षण दिलं आहे. तेव्हा रस्त्यात व्हिडिओ काढत उभं राहण्यापेक्षा हात लावायला हरकत नाही.

सगळ्यांत मोठा फरक मात्र आयसीयूत नाही, डिस्चार्जनंतर दिसतो. यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त बोलते. काही दवाखाने डिस्चार्ज देताना नळीने जेवण कसं द्यायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, गळ्यातली नळी कशी साफ करायची, फिट आली तर काय करायचं, हे घरच्यांकडून दोन-तीनदा करवून घेतात. काही ठिकाणी हातात फाइल आणि गोळ्यांची चिठ्ठी ठेवतात, बस. पहिल्या घरातला पेशंट हळूहळू उठतो. दुसऱ्या घरातला त्याच जखमेचा पेशंट पाठीच्या व्रणाने आणि छातीतल्या कफाने परत दवाखान्यात येतो. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची. दर्ग्याला जाणाऱ्या किती जणांना ती इमारत कशाची आहे हे माहीत असेल?

आमच्या शाळेत आठवीत एक मुलगा होता. अपघातानंतर दोन महिन्यांनी वर्गात आला. सगळे म्हणाले, पूर्ण बरा झाला, चालतो, बोलतो, दुआ कबूल झाली. पण पहिल्या तासाला लिहिलेलं तिसऱ्या तासाला विसरायचा. आवाज वाढला की कान झाकायचा. शांत स्वभावाचा पोरगा, बेंचवरच्या दोस्ताला मारायला धावला. घरी अब्बूंना वाटलं लाडाने बिघडला, म्हणून मार मिळाला. डोक्याच्या माराचा हा भाग सीटीमध्ये दिसत नाही. त्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डवर 'पंधरा दिवसांनी दाखवा' याशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात नेल्यावर तिथल्या ताईंनी शाळेसाठी एक साधं पत्र दिलं: अर्धा दिवस शाळा, पुढच्या बेंचवर जागा, एका वेळी एकच सूचना, परीक्षेत जास्त वेळ, सहा महिने मैदानी खेळ नाही. आम्ही तसं केलं. सहामाहीला तो नापास झाला, वार्षिकला पास झाला. अजूनही नावं विसरतो. अब्बूंचं मारणं मात्र त्या पत्रानंतर थांबलं.

तेव्हा दवाखान्यातून निघताना फाइल पूर्ण मागून घ्या. सीटीची फिल्म आणि सीडी, ऑपरेशनची नोंद, एमएलसी नंबर, येतानाचा आणि जातानाचा जीसीएस. रेकॉर्डची मागणी लेखी केली तर 72 तासांत प्रत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावायचा असेल तर हेच कागद लागतात. मूल शाळेत जाणारं असेल तर डिस्चार्ज कार्डची एक झेरॉक्स वर्गशिक्षकांनाही द्या.